काज तिथे बटण

कॉम्प्युटरच्या नव्या पेटीला हात लावला आणि मास्तरांच्या बोटातून ‘चट्’ असा आवाज निघाला. आवाज बारीकच, दातानं दोरा तोडावा एवढा; पण कोपरापर्यंत मुंग्या धावल्या. मास्तरांनी हात झटकन मागे घेतला आणि आधी सुनेकडे बघितलं, मग हाताकडे. गेलं वर्षभर त्यांच्या बघण्याचा क्रम असाच होता. हाताला काही झालं की समोरच्यानं पाहिलं का ते आधी बघायचं. हात काय, कुठे पळून जात नव्हता.

“काही नाही बाबा, स्थिर वीज आहे ती,” सून म्हणाली. “त्या गालिच्यावर पाय घासत आलात ना, अंगात साठली. बरं झालं, पेटीवर गेली. बोर्डाला लागली असती तर बोर्ड कामातून गेला असता.”

“माझ्या अंगात वीज आहे?”

“आहे की.”

“या वयात?”

एरवी ती हसली असती. मास्तर काहीही गंभीरपणे बोलले तरी तिला हसू येई, आणि मास्तर जन्मभर गंभीरपणेच बोलत आल्यामुळे घरात तसं बरं चाललं होतं. पण आज तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला. गेल्या आठवड्यात जिन्यावर पाय घसरला होता. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून काल सकाळी तिचा कॉम्प्युटर बंद पडला, आणि त्याचा मदरबोर्ड जळाल्याचं निदान झालं. सून इमारतींचे नकाशे काढते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढले. या खेपेला पहिल्यांदाच एक इमारत तिची एकटीची होती. छोटा दवाखाना, आजारी माणसाला एकही पायरी चढावी लागणार नाही असा. नकाशे डिस्कवर शाबूत होते, पण डिस्क नुसती हातात धरून नकाशे दिसत नाहीत. उद्या सकाळी ते पोचले नाहीत तर दवाखाना दुसऱ्या कुणाकडे जाणार, असं तिच्या साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं, आणि गोड शब्दांत सांगितलेलं साहेब विसरत नाहीत. दुकानातून नवा बोर्ड आला. तो जुन्या पेटीत मावेना म्हणून पेटीही नवी आली. बसवायला माणूस मात्र परवा येतो म्हणाला. दुकानातल्या माणसाचा परवा कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः जन्मभर लोकांना परवाच दिला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं अरुंद दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाइकाचं माप घेताना गिऱ्हाइकानं दम बाहेर सोडला तरच टेप फिरे. गेल्या वर्षी त्यांनी ते बंद केलं. “डोळे साथ देत नाहीत,” असं सगळ्यांना सांगितलं. डोळ्यांवर ढकलणं सोपं असतं. म्हातारपणी डोळे जाणं यात अब्रूचं काही जात नाही. खरं म्हणजे डोळे ठणठणीत होते आणि त्या ठणठणीत डोळ्यांनी एका सकाळी त्यांनी बघितलं की कोटाचा खांदा बेतताना खडूची रेघ सरळ निघाली नाही. पाण्यात पडलेल्या काठीसारखी दिसत होती ती. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. मग त्यांनी खडू खाली ठेवला, दाराशी येऊन रस्त्यावरची रहदारी बघितली आणि हात खिशात घातला. तेव्हापासून तो बराचसा खिशातच असे. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही. बायकोला सांगितलं असतं. पण ती त्याच्या आधीच्या वर्षी गेली होती, आणि गेली म्हणजे फोन न उचलण्याइतकी गेली.

सकाळी मुलाचा फोन आला होता. तो कामानिमित्त दुसऱ्या गावी असतो. “बाबा, तुम्ही त्यात हात घालू नका हं,” त्यानं स्पीकरवरून बजावलं. “तुम्ही फक्त स्क्रू धरा.”

“मग हात कोण घालणार?” सून म्हणाली. “माझा गळ्यात बांधलाय आणि तुझा तिकडे आहे.”

अशा रीतीनं घरात उरलेला एकुलता एक उजवा हात मास्तरांचा ठरला.

जेवणाच्या टेबलावर सुनेनं डाव्या हातानं जुनी चादर पसरली. चंदेरी पिशवीतून बोर्ड काढायला लावला. “कडांना धरा, मधे बोट नको. आणि आधी पेटीच्या पत्र्याला हात लावून घ्या, प्रत्येक वेळी.” मास्तरांनी पत्र्याला हात लावला. आता चटका नाही आला. जरासं वाईटच वाटलं. बोर्ड बाहेर आला तो नव्या चपलांच्या खोक्यासारखा वास घेऊन. सून वरून बघून म्हणाली की तिला यात नेहमी शहर दिसतं. हे रस्ते, ह्या टाक्या, हा बाजाराचा चौक. मास्तरांनी मात्र बोर्ड उलटा करून बघितला. कपडा पारखायचा तर आतून, ही सवय. पाठीमागे चांदीसारखे हजार ठिपके उभे होते, टोकदार, एकाशेजारी एक. भरतकामाच्या उलट्या बाजूला गाठी असतात तसे. पुढून फुलं, पाठीमागून सगळी धडपड. त्यांनी त्यावरून करंगळी फिरवली. खरखरीत लागलं. “या बाजूला अस्तर नाही?” त्यांनी विचारलं. “नाही,” सून म्हणाली, “म्हणून तर ती कशाला टेकू द्यायची नसते.” मास्तरांना हे एकदम पटलं. उलटी बाजू कुणाला लागू देऊ नये, हेच धोरण ते वर्षभर राबवत होते, त्याला एवढी तांत्रिक बैठक आहे हे ठाऊक नव्हतं.

मग ती वेळ आली, जिची भीती होती. बोर्डाच्या मधोमध एक चौकोन होता, त्यावरचं झाकण सुनेनं उचललं आणि आत सोनेरी पिनांचं शेत दिसलं. मखमलीची लव उभी राहावी तशा बारीक, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. “इथे प्रोसेसर ठेवायचा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला, झोपलेल्या मुलाच्या खोलीत बोलावं तसा. “कोपऱ्यातला हा त्रिकोण त्या त्रिकोणाशी जुळवायचा. दाबायचं नाही. नुसतं सोडायचं. हातातून तिरका पडला किंवा एक जरी पिन वाकली तरी बोर्ड गेला, बाबा. दुसरा आणायला वेळ नाही.” जुन्या बोर्डावरून काढून पुसलेला तो प्रोसेसर टपालाच्या तिकिटाएवढा होता. मास्तरांनी तो कडांनी उचलला आणि हात हवेत आला तसा कापायला लागला. फार नाही. पिंपळाचं पान वारा नसताना हलतं, तेवढा. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती नेमकी त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी बघत होती. समोरच्या इमारतीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाई चटई झटकत होती. पण सून ते अगदी लक्ष देऊन बघत होती.

तेवढ्यात मास्तरांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. हे काही ठरवून केलं नाही. सुई हातात घेतली की शिंप्याचं मनगट आपोआप गुडघ्यावर जातं, तसं ते गेलं. आणि हात थांबला. टेकलेलं मनगट, त्यावर उभी दोन बोटं, बोटांत तिकिटाएवढं काहीतरी. मास्तरांना आपला श्वास ऐकू यायला लागला आणि त्या श्वासाआड बायकोचं कुरकुरणं. “अहो, कान आहेत की बटणं? केव्हाची हाका मारतेय.” ती सकाळी त्यांच्या आधी दुकान उघडायला जायची. झाडलोट करते, एवढंच मास्तरांना माहीत होतं. ते पोचेपर्यंत गादीच्या उशीत सुया टोचलेल्या असत, ओळीनं, दोरा ओवून तयार: पांढरा, काळा, निळा, मळकट. मास्तर बसत, हात लांब करत, सुई घेत. सुयांना दोरा असतोच, नळाला पाणी असतं तसा, अशी त्यांची समजूत होती. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पाणी आटलं. त्या दिवशी सकाळभर ते सुईच्या स्वच्छ दिसणाऱ्या नेढ्याशी झगडत बसले, आणि दुपारी त्यांना कळलं की किती वर्षं आपल्याला नेढ्यातून दोरा घालता येत नव्हता आणि किती वर्षं ते आपल्याला कळू दिलेलं नव्हतं. आभार मानायला माणूस उरलेला नव्हता. उशीत तिच्या हातच्या ओवलेल्या काही सुया शिल्लक होत्या, त्या त्यांनी जपून जपून वापरल्या. शेवटची, मातकट लाल दोऱ्याची, अजून सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला टोचलेली असते. रोज सदरा बदलला की तीही नव्या कॉलरला जाते. तिनं काही शिवायचं धाडस त्यांना होत नाही.

“सोडला?” सुनेनं खिडकीकडे बघतच विचारलं.

मास्तरांनी खाली बघितलं. प्रोसेसर चौकोनात निवांत पडला होता, त्रिकोणाला त्रिकोण लावून. केव्हा सुटला त्यांनाही कळलं नाही. तिनं पुढे होऊन डाव्या हातानं दांडी खाली दाबली. करकर असा आवाज आला आणि दोघांनीही दात आवळले. “असा आवाज येतोच,” ती म्हणाली. “मग आधी सांगावं,” मास्तर म्हणाले. त्यानंतर मेमरीच्या पट्ट्या टक् करून बसल्या, प्रोसेसरवर वाटाण्याएवढं राखी मलम पडलं, त्यावर पंखा चढला. मास्तरांना चेव आला. पेटी आडवी करून तिच्या पाठच्या खिडकीत त्यांनी पत्र्याची जाळीदार चौकट आतून दाबून बसवली. “ही आधी लावायची असते, लोक हमखास विसरतात आणि मग सगळं उसवावं लागतं,” असं सून म्हणाली तेव्हा त्यांनी तुच्छतेनं मान हलवली. गळ्याची पट्टी विसरून सदरा पुरा करणारे कारागीर त्यांनीही बघितले होते.

चहा झाला तो याच सुमाराला. इथे चहाबद्दल सांगायला हवं, कारण मास्तरांच्या मनात तो वर्षभर उकळत होता. सून त्यांना अर्धा कप चहा देते. अर्धा म्हणजे अर्धा. कपाच्या पोटातल्या निळ्या रेघेपर्यंत. स्वतः मात्र काठोकाठ भरून घेते. आणि मग, त्यांचा संपला की न चुकता विचारते, “अजून घेणार?” विचारण्यात काही खोट नसे, पण मागून घ्यावा लागणारा चहा हा चहाच नव्हे, असं मास्तरांचं मत होतं, आणि म्हणून ते न चुकता म्हणत, “नको. झालं.” बागेतल्या बाकावर त्यांनी हा विषय काढला होता. तिथे एक निवृत्त कंडक्टर येतो. तो म्हणाला, “मास्तर, तुम्हाला अर्धा तरी मिळतो. आमच्याकडे चहा झाला अशी नुसती बातमी मिळते.” मास्तर हसले होते, पण अर्धा कप घशात राहिला तो राहिलाच. त्यात मध्यंतरी तिनं त्यांच्या उशाशी पाण्याच्या तांब्याऐवजी तोटीची बाटली ठेवली, बालवाडीतल्या पोरांना असते तसली. मास्तरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि माणूस रागात असला की त्याला कळून घ्यायचं नसतं. आजही अर्धाच कप आला. आजही ती म्हणाली, “अजून घेणार?” आजही मास्तर म्हणाले, “नको. झालं.” आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

पेटीबरोबर एक छोटी पुडी आली होती. तिच्यात पितळेच्या बुटक्या खुंट्या होत्या, खाली आटे, वर डोक्यात भोक. “या पेटीच्या तळाला लावायच्या,” सून म्हणाली. “बोर्ड यांच्यावर बसतो. पत्र्यापासून बोटभर वर. या त्या भोकांत फिरवून ठेवा तुम्ही, आणि—” इथे तिचा फोन वाजला. कचेरीचा होता. ती फोन खांद्यात धरून आतल्या खोलीत गेली, आणि तिच्या ‘आणि’च्या पुढे काय होतं ते तिच्याबरोबर आत गेलं.

मास्तर एकटे राहिले. पत्र्याच्या तळाला भोकं होती आणि समोर खुंट्या होत्या. यापेक्षा स्वच्छ काम त्यांच्यापुढे वर्षभरात आलं नव्हतं. मनगट पेटीच्या कडेवर, खुंटी चिमटीत, उजवीकडे गरगर, शेवटचा पीळ घट्ट. पितळ पत्र्यात शिरताना बोटांना जो गुळगुळीत विरोध लागे, तो त्यांना ओळखीचा वाटला. जाड कापडातून सुई आरपार जाण्याआधी क्षणभर थांबते, तसा. आतून तुटक बोलणं येत होतं. “आज? ... नाही, मी उद्या सकाळी म्हटलं होतं... हो सर. हो.” मास्तरांनी ओळ पूर्ण केली. मग दुसरी. मग मधली. एकूण एक भोक भरत आणलं, आणि शेवटी एक भोक उरलं आणि खुंट्या संपल्या. मास्तर अस्वस्थ झाले. त्यांनी पुडी उलटी करून झटकली, चादर चाचपली, टेबलाखाली वाकून बघितलं. त्यांच्या वडिलांनी, जे स्वतःही शिंपीच होते आणि ज्यांचा हात फक्त पोरांना मारतानाच कापत नसे, धंद्याचं एकच तत्त्व शिकवलं होतं: काज तिथे बटण. उघडं काज म्हणजे पडका दात. गिऱ्हाईक दहा बटणं विसरतं, पण रिकामं काज त्याला आरशात दिसतं. मास्तरांनी त्या एका उघड्या भोकाकडे दुःखानं बघितलं. क्षणभर मनात आलं, सदऱ्याचं बटण बसेल का. सांगायला आनंद होतो की त्यांनी तो बेत रहित केला.

सून परत आली ती पांढरी पडून. “संध्याकाळी हवेत म्हणतात. उद्या सकाळी नाही. आज. कचेरी बंद व्हायच्या आत.”

“मग चला,” मास्तर म्हणाले. “या बघ तुझ्या खुंट्या. एक कमी दिली हं त्यांनी.”

तिनं चकाकत्या पितळेवरून नजर फिरवली, पण त्या नजरेत दवाखाना होता, खुंट्या नव्हत्या. “छान,” ती म्हणाली.

बोर्ड मास्तरांनी तिरका आत उतरवला, आधी पाठच्या चौकटीत त्याची वायरी जोडायची तोंडं शिरवून, मग हळूच सपाट. स्क्रू लावताना सून घाईनं म्हणाली, “एकदम आवळू नका, आधी सगळे—”

“सैल. मग समोरासमोरचे एकेक आवळत जायचं,” मास्तर म्हणाले. “कच्चा टाका आधी, पक्की टीप मागून. हे मला तुझ्या कॉम्प्युटरवाल्यांनी शिकवायचं?”

“नाही बाबा.”

“मग!”

नकाशांची जुनी डिस्क पेटीत बसवली. वायरी जोडल्या. मोठी, छोटी, केसासारख्या बारीक. संध्याकाळचं ऊन भिंतीवरून सरकत पंख्यापर्यंत आलं होतं. सुनेनं बटण दाबलं. पंखा चार बोटं फिरला, दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागला, आणि सगळं थांबलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा चार बोटं, पुन्हा थांबलं. उचकी लागावी तसं. तिसऱ्यांदा तिनं बोट नेलं पण दाबलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत होतं. ती खुर्चीवर बसली. प्लास्टरमधली बोटं मात्र एकेक करून मिटत गेली. मास्तरांना तिच्या मानेवरचा पट्टा दिसत होता. खांद्याशी त्याची शिलाई उसवली होती, दोरा लोंबत होता. दवाखान्यातल्या लोकांना पट्टा शिवता येत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराच्या पाठोपाठ दुसरा आला, जो सकाळपासून दाराशी उभा होता. पिना. वाकवल्या मी. खिडकीकडे बघत होती बिचारी, तिनं माझा हात बघितलाच नाही. मनगट टेकायच्या आधी, ते पान हलत होतं तेव्हा, टेकला असणार कोपरा. तिची एकटीची पहिली इमारत. पायरी नसलेली. आणि मी पायरी होऊन बसलो.

“अगं,” ते म्हणाले. “बोर्ड गेला असेल तर तो माझ्यामुळे. माझा हात कापतो.”

सुनेनं वर बघितलं.

“वर्ष झालं. दुकान मी डोळ्यांमुळे नाही बंद केलं. डोळे चांगले आहेत. तू विचारशील, आधी का नाही सांगितलं—”

“नाही विचारणार. ठाऊक आहे मला.”

“काय ठाऊक आहे?”

“हाताचं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं, बाबा? मी तुमचा कप अर्धाच भरते ना.”

मास्तरांकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं एकदम दाराशी आलं आणि दारात अडकलं. अर्धा कप. निळी रेघ. काठोकाठ भरला असता तर बशीत सांडला असता, सदऱ्यावर सांडला असता, आणि त्यांनी कप खाली ठेवून हात खिशात घातला असता आणि दुसऱ्या दिवशीपासून चहा आवडत नाही म्हणाले असते. स्वतःला ते चांगलं ओळखून होते. आणि ‘अजून घेणार?’ म्हणजे उरलेला अर्धा. रोज भांड्यात, झाकून, गरम. वर्षभर त्यांच्या वाट्याचा अर्धा चहा त्या भांड्यात बसून त्यांच्या हो म्हणण्याची वाट बघत होता, आणि ते बाकावर कंडक्टरला त्याची गाऱ्हाणी सांगत होते. ती बाटली. ती खिडकी. समोरच्या इमारतीतली ती चटई झटकणारी बाई, जिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. या घरातल्या बायका त्यांच्यासाठी सुया ओवून ठेवतात आणि ते येऊन नुसते गादीवर बसतात, जन्मभर! त्यांना लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण थोडी. तिच्या खालून काहीतरी ऊबदार असं वर येत होतं, आणि त्यात लाज फार वेळ टिकेना.

“ठाऊक होतं,” अखेर ते म्हणाले, “आणि तरी माझ्या हातात त्या पिना दिल्यास?”

“मनगट टेकलं की तुमचा हात कापत नाही. पडद्यांना दुमड घालत होतात तेव्हा बघितलंय मी.” ती उठली. “आणि दुसरं म्हणजे, दुसरा हात आणणार कुठून होते? चला, काढा बाहेर. बघू तरी पिना.”

काढायला वेळ लागत नाही. शिवण असो की बोर्ड, उसवण्याची गती परमेश्वरानं वेगळीच ठेवलेली आहे. आधी मुख्य वायर ओढून काढली, मग स्क्रू निघाले, मास्तरांनी बोर्ड उचलला आणि उजेडाकडे उलटा धरला. आणि तिथेच त्यांना ते दिसलं. त्या चांदीच्या गाठींमध्ये एका जागी चार-पाच ठिपके किंचित घासलेले, चकाकणारे. कापडावर आतून कशाची तरी रगड बसली की असं होतं. त्यांनी खाली पेटीत बघितलं. घासलेल्या जागेच्या बरोबर खाली एक पितळेची खुंटी ताठ मानेनं उभी होती.

सुनेनंही बघितलं. “ही इथे कशी?”

“मी लावली.”

“पण इथे बोर्डाला भोक कुठाय?”

“पत्र्याला होतं ना!”

“पत्र्याला सगळ्या मापांची असतात, बाबा. लहान बोर्ड, मोठा बोर्ड, सगळ्यांसाठी. आपल्या बोर्डाला जिथे भोक, तिथेच खुंटी. बाकीची रिकामी सोडायची.”

“रिकामी?” मास्तरांनी हा शब्द असा उच्चारला की जणू तिनं त्यांना अर्धी विजार घालून रस्त्यात उभं राहायला सांगितलं होतं. “काज आहे तिथे बटण नको?”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर कुठल्यातरी कोपऱ्यातून हसू निघालं आणि आवरेना. प्लास्टर पोटाशी धरून ती हसत होती, “आई गं, दुखतं, नका ना, काज...” आणि मास्तर बोर्ड हातात धरून गंभीरपणे उभे होते, आणि ते गंभीर उभे आहेत हे बघून ती आणखी हसत होती. त्यांच्या डोक्यात आता लख्ख उजाडलं होतं. कमरेच्या पट्ट्याला ओळीनं भोकं असतात म्हणून कुणी प्रत्येक भोकाला बक्कल लावत नाही. एवढी साधी गोष्ट. त्यांनी ती खुंटी उलटी फिरवून काढली आणि तळहातावर घेतली. हात तेवढा वेळ टेकलेला नव्हता, त्यामुळे खुंटी तळहातावर बारीक थरथरत होती. त्यांनी ती लपवली नाही.

“ही नको तिथे होती,” सून डोळे पुसत म्हणाली, “आणि हवी तिथे एक कमी आहे. बघा.” खरंच होतं. शेवटी उरलेलं, ज्याच्यासाठी टेबलाखाली शोधाशोध झाली, ते भोक नेमकं बोर्डाच्या भोकाखाली येत होतं. त्या जागचा स्क्रू मघाशी धरायला काही नसल्यामुळे नुसता फिरत राहिला होता, आणि मास्तरांनी दुकानदाराला मनात एक शिवी घालून तो सोडून दिला होता. त्यांनी खुंटी तिथे नेऊन फिरवली. गुळगुळीत विरोध, शेवटचा पीळ, घट्ट.

पिना त्यांनी भिंगानं तपासल्या, तीनतीनदा. एकही वाकलेली नव्हती. सगळी लव एका बाजूला, आखून दिल्यासारखी. मास्तरांनी पुन्हा पत्र्याला हात लावून घेतला, मलम पुसून नवं लावलं, पंखा चढवला, बोर्ड उतरवला, कच्चा टाका, पक्की टीप. सुनेनं बटणाकडे बोट नेलं आणि थांबली. “तुम्ही दाबा.”

“मी? मी बापडा...”

“दाबा हो.”

मास्तरांनी दाबलं. पंखा चार बोटं फिरला. पाच फिरला. मग मोजता येईनासा झाला. पेटीतून एक बारीक घरघर निघाली, शिलाई मशीनचं चाक पट्टा सोडून मोकळं फिरतं तशी, आणि पडद्यावर उजेड आला. बराच वेळ त्यात काहीबाही अक्षरं येत-जात राहिली. मग रेघा आल्या. पांढऱ्यावर काळ्या, सरळ, एकीलाही थरथर नाही. मास्तरांना नकाशातलं काही कळत नव्हतं. पण दारं त्यांनी ओळखली, आणि दाराबाहेर जिथे पायऱ्या असतात तिथे एक लांब सोपा उतार होता, तोही ओळखला.

सून डाव्या हातानं माऊस चालवत एकेक पान पाठवायला बसली. सावकाश चाललं होतं, पण चाललं होतं. मास्तर तिच्या मागे उभे होते. तिच्या मानेवरचा लोंबता दोरा त्यांना आता फारच दिसायला लागला. त्यांनी कॉलरच्या आत बोटं घातली आणि मातकट लाल दोऱ्याची सुई काढली. “हलू नको,” ते म्हणाले. “काय करताय?” “काम कर तू तुझं.” मनगट तिच्या खांद्यापर्यंत चढलेल्या प्लास्टरवर टेकवलं, इतकं भक्कम टेकायला दुकानातसुद्धा कधी मिळालं नव्हतं. टाका, टाका, टाका. पांढऱ्या पट्ट्यावर लाल शिवण उठून दिसत होती, जुळत नव्हती. बायको असती तर म्हणाली असती, अहो, रंग तरी बघा. दोरा पुरा झाला. त्यांनी गाठ मारली, दातानं तोडला, ‘चट्’. सुई रिकामी झाली. ती त्यांनी पुन्हा कॉलरला टोचली आणि वाट बघितली, आता काहीतरी तुटल्यासारखं वाटेल म्हणून. वाटलं नाही.

“गेले!” सून म्हणाली. “सगळे गेले. पोचले!” तिनं खुर्ची गर्रकन फिरवली, खांद्यावरची लाल शिवण बोटानं चाचपली. उठून आत गेली. भांड्याचा आवाज आला, मग उकळीचा. डाव्या हातानं एकेक करत तिनं कप आणला आणि मास्तरांच्या पुढे ठेवला. निळ्या रेघेपर्यंत. बरोबर अर्धा.

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलला. कापत होता. एक थेंबही सांडला नाही. त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन कप खाली ठेवला.

“अजून घेणार?” सुनेनं विचारलं, सवयीनं, आणि कप उचलायला हात पुढे केला.

“आण,” मास्तर म्हणाले.